ड्रॅक्युलाचा सज्जन शत्रू

भयपट पाहताना प्रेक्षकाला नेमकी कशाची भीती वाटते? पिशाचाची, हे या प्रश्नाचे सोपे उत्तर. पण थोडा विचार केला तर ते अपुरे वाटू लागते. पडद्यावर सुळे दाखवणारा नट हा रंगभूषा केलेला माणूस आहे आणि त्याच्या ओठांवरचे रक्त हा नुसता रंग आहे, हे तिकीट काढून आत शिरलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही अंगावर काटा येतो, कारण त्या पिशाचाकडे पाहणारा दुसरा कोणी तरी पडद्यावर असतो. तो शहाणा, शिकलेला, सहजासहजी न घाबरणारा माणूस असतो. त्याचा विश्वास बसला की आपलाही बसतो. 'हॅमर' या छोट्या ब्रिटिश कंपनीच्या १९५८ सालच्या 'ड्रॅक्युला'मध्ये हा दुसरा माणूस होता डॉ. व्हॅन हेल्सिंग आणि ती भूमिका करणारा नट होता पीटर कुशिंग.

या चित्रपटाने ख्रिस्तोफर ली जगप्रसिद्ध झाला. उंचापुरा, काळा झगा पांघरलेला, रक्ताळलेल्या डोळ्यांचा त्याचा ड्रॅक्युला आजही पोस्टरांवर दिसतो. पण हा ड्रॅक्युला संपूर्ण चित्रपटात अवघी काही मिनिटे पडद्यावर असतो आणि सुरुवातीच्या प्रसंगांनंतर तर एक शब्दही बोलत नाही. उरलेला सारा वेळ त्याचे अस्तित्व प्रेक्षकांच्या मनात जागते ठेवण्याचे काम कुशिंगला करावे लागते. ते त्याने इतके मनापासून केले, की भयपट हा प्रकारच त्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला. शेक्सपिअरच्या नाटकांत काम केलेल्या, दूरचित्रवाणीवर मानाचे स्थान मिळवलेल्या नटाने रक्तबंबाळ चित्रपटांत आयुष्य घालवले, याची हळहळ त्याच्या हयातीत अनेकांना वाटली. त्याला स्वतःला मात्र ती कधी वाटली नाही. असे का, हे समजून घ्यायचे तर त्याच्या आयुष्याकडेच वळावे लागते.

पीटर विल्टन कुशिंगचा जन्म २६ मे १९१३ रोजी इंग्लंडच्या सरे परगण्यातील केन्ली या गावी झाला. वडील बांधकामाची मोजमापे व खर्चाचे हिशेब करणारे सर्व्हेयर, तर आई गालिच्यांच्या व्यापाऱ्याची मुलगी. पहिला मुलगा झाल्यावर दुसऱ्या खेपेस मुलगी व्हावी, अशी आईची फार इच्छा होती. ती पुरी झाली नाही, तेव्हा तिने धाकट्या पीटरलाच फ्रॉक घालून आणि त्याचे केस लांब वाढवून आपली हौस भागवून घेतली. घराण्यात रंगभूमीचा वारसा होता. आजोबा हेन्री विल्यम कुशिंग हे सर हेन्री आयर्व्हिंग या व्हिक्टोरियन काळातील थोर नटाच्या मंडळीबरोबर दौरे करीत. याच आयर्व्हिंगच्या लायसियम थिएटरचा कारभार ब्रॅम स्टोकर नावाचा आयरिश गृहस्थ पाहत असे आणि त्यानेच १८९७ साली 'ड्रॅक्युला' ही कादंबरी लिहिली. आजोबांच्या मालकाच्या कारभाऱ्याने जन्माला घातलेल्या पिशाचाला मारण्याचे काम साठ वर्षांनी नातवाकडे यावे, हा योगायोग मोठा गमतीचा.

वडिलांना मात्र मुलाने नाटकाच्या नादी लागू नये, असे वाटत होते. त्यांनी त्याला कूल्सडन आणि पर्लीच्या नगर परिषदेत सर्व्हेयरच्या हाताखाली चिकटवले. तेथे पीटरने तीन वर्षे काढली, पण बढतीचे नाव नाही. इमारतींची चित्रे काढणे तेवढे त्याला आवडे. दुर्दैवाने त्याने कल्पिलेल्या इमारती दिसायला सुंदर असल्या तरी खर्चाच्या आणि पायाच्या दृष्टीने अगदीच अव्यवहार्य असत. नकाशे लावून ठेवण्याच्या निमित्ताने तो माळ्यावर जाई आणि तिथे एकटाच नाटकातले संवाद घोकत बसे. वर्दिंग येथील कॉनॉट थिएटरच्या बिल फ्रेझर यांना त्याने पत्रांमागून पत्रे पाठवली. शेवटी ही पत्रे थांबवावीत, हे सांगण्यासाठीच फ्रेझर यांनी त्याला बोलावून घेतले. समोर उभा असलेला हताश तरुण पाहून त्यांना दया आली असावी. त्यांनी त्याच रात्रीच्या प्रयोगात त्याला लहानसे काम दिले. १९३० च्या दशकाचा मध्य होता तो. त्यानंतर तीन-चार वर्षे कुशिंगने गावोगावच्या नाटक कंपन्यांत मिळेल ती भूमिका केली.

१९३९ च्या जानेवारीत तो हॉलिवुडला निघाला. वडिलांनी तिकीट काढून दिले, पण फक्त जाण्याचे. तिथे त्याला पहिले काम मिळाले ते जेम्स व्हेल यांच्या 'द मॅन इन द आयर्न मास्क'मध्ये. नायक लुई हेवर्डची दुहेरी भूमिका होती. जुळे भाऊ समोरासमोर येतात त्या प्रसंगांत हेवर्डसमोर उभे राहून दुसऱ्या भावाचे संवाद म्हणायचे, एवढेच कुशिंगचे काम. त्याचा भाग नंतर कापला जाऊन तिथे पुन्हा हेवर्डच दिसणार होता. म्हणजे कामही करायचे आणि दिसायचेही नाही. याच व्हेल यांनी १९३१ साली 'फ्रँकेन्स्टाइन' दिग्दर्शित केला होता, हा आणखी एक योगायोग. पुढे लॉरेल आणि हार्डीच्या 'ए चम्प ॲट ऑक्सफर्ड'मध्ये त्याला छोटी भूमिका मिळाली आणि कॅरोल लोम्बार्डच्या 'व्हिजिल इन द नाइट'मध्ये जरा मोठी. तेवढ्यात युरोपात महायुद्ध पेटले. घराची ओढ लागलेला कुशिंग न्यूयॉर्क, मग कॅनडा असे मुक्काम करीत, परतीच्या प्रवासासाठी पैसे साठवीत राहिला. माँट्रियलमध्ये त्याने एका चित्रपटगृहात दारवानाचे काम केले. तिथेच एका युद्धपटासाठी चिमुकले नाझी झेंडेही तयार करून दिले. १९४२ मध्ये तो मायदेशी पोहोचला.

प्रकृतीच्या कारणाने त्याला लष्करात घेतले नाही. सैनिकांचे मनोरंजन करणाऱ्या सरकारी नाट्यपथकात तो दाखल झाला. तिथेच, लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरवर, त्याची गाठ हेलन बेक हिच्याशी पडली. रशियातील सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेली, नृत्य आणि अभिनय दोन्ही केलेली हेलन त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी होती. १० एप्रिल १९४३ रोजी त्यांनी लग्न केले. कुशिंगच्या आयुष्याचे दोन भाग पाडायचे झाले, तर ते हेलनपूर्वी आणि हेलननंतर असेच पाडावे लागतील. नवऱ्याच्या ठायी काही तरी असामान्य आहे याची खात्री त्याच्या आधी तिला पटली आणि जगाला पटेपर्यंत तिने धीर सोडला नाही.

तो धीर पुढे फार उपयोगी पडला. युद्ध संपल्यावर कामे मिळेनाशी झाली. कुशिंगला चित्रकलेचे अंग होते. रेशमी स्कार्फवर नक्षी काढून देणे हा काही काळ त्याच्या उपजीविकेचा आधार बनला. अमेरिकी उच्चार आपल्याला जमणार नाहीत, असे प्रामाणिकपणे सांगून त्याने लॉरेन्स ऑलिव्हिएचे एक नाटक नाकारले होते. हा प्रामाणिकपणा ऑलिव्हिएच्या लक्षात राहिला. १९४८ च्या 'हॅम्लेट' चित्रपटात त्याने कुशिंगला ऑस्रिक या नखरेल दरबाऱ्याची भूमिका दिली. त्याच चित्रपटात भाला घेऊन उभ्या असलेल्या एका बिननावाच्या शिपायाचे काम ख्रिस्तोफर ली करीत होता. दोघांची तेव्हा ओळखही झाली नाही. ऑलिव्हिएच्या ओल्ड व्हिक कंपनीबरोबर कुशिंग ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. परतल्यावर मात्र सततच्या अनिश्चिततेने त्याचे मन कोलमडले. या खचलेल्या काळात हेलनने दूरचित्रवाणीचे नवे माध्यम हेरले. ब्रिटिश घरांमध्ये टीव्ही नुकताच शिरू लागला होता. नाटकवाले त्याला कमी लेखत होते. तिने नवऱ्याला निर्मात्यांकडे पत्रे पाठवायला लावली.

तिचा अंदाज अचूक ठरला. १९५२ मध्ये बीबीसीच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये कुशिंग डार्सी झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ब्रिटनमधील घराघरांत पोहोचला. १२ डिसेंबर १९५४ च्या रविवारी जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'चा नाट्यप्रयोग बीबीसीवरून थेट प्रसारित झाला. पटकथा नायजेल नील यांची, दिग्दर्शन रुडॉल्फ कार्टिए यांचे. विन्स्टन स्मिथ या सत्तेपुढे चिरडल्या जाणाऱ्या सामान्य माणसाची भूमिका कुशिंगची होती. छळाचे प्रसंग पाहून प्रेक्षक हादरले, निषेधाचा पाऊस पडला, प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेले. ठरलेला दुसरा प्रयोग रद्द करण्याची मागणी झाली. तरीही पुढच्या गुरुवारी तो झाला आणि त्याचे ध्वनिचित्रमुद्रण आज उपलब्ध आहे. भीतीने आतून पोखरला गेलेला माणूस कसा दिसतो, हे त्यात कुशिंगच्या चेहऱ्यावर वाचता येते. भूतपिशाचांच्या दुनियेत शिरण्यापूर्वीच त्याला भीतीचा अभ्यास झाला होता. ती भीती राजकीय होती, एवढाच काय तो फरक.

'हॅमर' ही १९३४ साली स्थापन झालेली कंपनी. टेम्स नदीकाठच्या ब्रे या गावी एका जुन्या वाड्यातच तिने आपला स्टुडिओ थाटला होता. पैसा कमी, जागा कमी. त्यामुळे तेच सेट फिरवून फिरवून वापरायचे आणि ठरल्या दिवसांत चित्रपट संपवायचा, ही तिची रीत. या कंपनीने १९५६ च्या अखेरीस 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' रंगीत करायला घेतला, तेव्हा विषय वाचून कुशिंगने स्वतःहून उत्सुकता दाखवली. टीव्हीवरचा एवढा नामवंत नट आपल्याकडे येतो आहे, हे कंपनीच्या दृष्टीने अप्रूपच होते. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, पटकथाकार जिमी सँगस्टर, राक्षसाच्या वेषात ली. १९५७ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने समीक्षकांचा रोष आणि प्रेक्षकांची गर्दी दोन्ही ओढवून घेतली. तिकीटबारीवरचे यश इतके मोठे होते, की पुढचा विषय ठरायला वेळ लागला नाही.

'ड्रॅक्युला'चे चित्रीकरण ११ नोव्हेंबर १९५७ रोजी ब्रेमध्ये सुरू झाले आणि नाताळच्या आदल्या दिवशी संपले. खर्च सुमारे ८१ हजार पौंड. या तुटपुंज्या रकमेत बर्नार्ड रॉबिन्सनने उभारलेला किल्ला श्रीमंत दिसतो. जॅक ॲशरच्या छायालेखनामुळे लाल, निळे, जांभळे रंग अंगावर येतात. जेम्स बर्नार्डने ड्रॅक्युलाच्या नावातल्या तीन अक्षरांवर बेतलेली स्वरमाला तर भयपटांच्या इतिहासाचा भाग होऊन बसली. १९३१ सालच्या अमेरिकी 'ड्रॅक्युला'त बेला लुगोसी होता, पण तो चित्रपट कृष्णधवल होता. त्यात रक्त दिसत नव्हते, सुळेही दिसत नव्हते. हॅमरने दोन्ही दाखवले आणि तेही रंगांत.

या सगळ्या भडकपणाला तोलून धरायला एक गंभीर माणूस हवा होता. स्टोकरच्या कादंबरीतला व्हॅन हेल्सिंग हा मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणारा वृद्ध डच प्राध्यापक आहे. कुशिंगने तो तसा रंगवायचे नाकारले. उसने उच्चार किंवा विक्षिप्त लकबी, यांतले काहीही त्याने घेतले नाही. त्याचा व्हॅन हेल्सिंग हा चाळिशीतला, नीटनेटका, कामात बुडालेला शास्त्रज्ञ आहे. फोनोग्राफवर तो आपली टिपणे नोंदवतो, रुग्णाला रक्त देण्याची व्यवस्था करतो, पिशाचबाधेची चर्चा एखाद्या साथीच्या रोगाबद्दल बोलावे तशी करतो. त्याच्या बोलण्यात कुठेही नाटकीपणा नाही. त्यामुळेच तो जे सांगतो ते खरे वाटते.

स्मशानातील एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पिशाच बनलेली ल्युसी एका लहान मुलीला फसवून रात्री तिथे नेते. व्हॅन हेल्सिंग क्रूस पुढे धरून ल्युसीला पिटाळून लावतो. मग तो गारठलेल्या मुलीजवळ बसतो, आपला उबदार कोट तिच्या अंगावर पांघरतो, तिच्याशी दोन शब्द गोड बोलतो. त्यानंतर तोच माणूस थडग्यात उतरून ल्युसीच्या छातीत लाकडी मेख ठोकतो. मेख ठोकताना त्याच्या चेहऱ्यावर सूड नाही की आनंद नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरची खिन्न एकाग्रता आहे. आधीच्या प्रसंगातील माया पाहिलेली असल्यामुळे हा क्रूरपणा कशासाठी आहे, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. रक्ताच्या थारोळ्यातही नैतिकतेचा धागा तुटू न देणे, हे कुशिंगचे खरे कसब.

शेवटच्या झुंजीतही त्याचा मोठा वाटा होता. मूळ पटकथेत व्हॅन हेल्सिंगने खिशातून क्रूस काढून ड्रॅक्युलाला रोखावे असे होते. पण हा माणूस सतत खिशातून क्रूसच काढत राहिला तर तो फिरता विक्रेता वाटेल, अशी शंका कुशिंगला आली. त्याने दुसरा मार्ग सुचवला. लांबलचक टेबलावरून धावत जाऊन व्हॅन हेल्सिंग खिडकीच्या पडद्यावर झेप घेतो. पडदा फाटून कोसळतो, सकाळचे ऊन आत शिरते आणि मग तो मेणबत्त्यांचे दोन स्टँड एकमेकांवर आडवे धरून क्रूस तयार करतो. ड्रॅक्युला उन्हात लोटला जातो आणि त्याची राख होते. कादंबरीत ड्रॅक्युलाचा शेवट सुऱ्यांच्या वारांनी होतो. इथे तो प्रकाशाने होतो. हाताशी असलेल्या साध्या वस्तूंतून शस्त्र घडवणारा हा नायक प्रेक्षकांना भावला. वस्तूंचा असा वापर ही कुशिंगची खासियतच होती. भिंग, चष्मा, पेन, घड्याळ, हाताला लागेल ते तो इतक्या सफाईने हाताळी, की सहकारी त्याची थट्टा करीत. ही सफाई तासन् तास केलेल्या सरावातून आलेली असे.

१९५८ च्या मे महिन्यात चित्रपट आधी अमेरिकेत आणि मग लंडनच्या हेमार्केटमधील गोमाँ चित्रपटगृहात झळकला. ब्रिटिश सेन्सॉरने काही दृश्यांना कात्री लावून केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले. अनेक समीक्षकांनी नाके मुरडली. लोकांनी मात्र रांगा लावल्या. ज्या कंपनीच्या चित्रपटांची सभ्य समाजात चर्चादेखील होत नसे, तिला १९६८ मध्ये परदेशी चलन मिळवून दिल्याबद्दल राणीच्या नावाचा उद्योग पुरस्कार मिळाला. कापलेल्या दृश्यांपैकी काही २०११ साली टोकियोतील चित्रपट संग्रहालयात सापडलेल्या जपानी प्रतीत मिळाली आणि दोन वर्षांनी ती पुन्हा चित्रपटात जोडली गेली.

पुढच्या काळात कुशिंग आणि ली वीसहून अधिक चित्रपटांत एकत्र दिसले. पडद्यावर एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे प्रत्यक्षात जिवलग मित्र होते. ब्रेच्या सेटवर गाणी, नकला, व्यंगचित्रपटांतली पात्रे यांवरून त्यांचे हास्यविनोद चालत. वयात नऊ वर्षांचे अंतर, पण वाढदिवस लागोपाठचे: कुशिंगचा २६ मे, लीचा २७ मे. याच वर्षांत कुशिंगने 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'मध्ये शेरलॉक होम्स साकारला, 'द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला'मध्ये पुन्हा व्हॅन हेल्सिंग केला, फ्रँकेन्स्टाइनची भूमिका अनेकदा वठवली. मिळालेल्या पैशांतून त्याने १९५९ मध्ये केंट परगण्यातील व्हिट्स्टेबल या समुद्रकाठच्या गावी घर घेतले. हेलनला फुफ्फुसाचा विकार होता आणि समुद्राची हवा तिला मानवेल, अशी आशा होती.

काही वर्षे ती मानवलीही. पण विकार बळावत गेला आणि १४ जानेवारी १९७१ रोजी हेलनचे निधन झाले. दोघांना मूल नव्हते. त्या वेळी 'ब्लड फ्रॉम द ममीज टूम' या चित्रपटाचे कुशिंगचे अवघे एका दिवसाचे चित्रीकरण झाले होते. तो चित्रपट त्याने सोडून दिला. पुढे आत्मचरित्रात त्याने त्या रात्रीची कबुली दिली आहे. आपले हृदय बंद पडावे म्हणून तो घरातला जिना वेड्यासारखा चढत-उतरत राहिला होता. ज्याने पडद्यावर अमरत्वाला शाप मानून त्याच्याशी लढा दिला, त्याला आता साधे जगणेही शिक्षेसारखे वाटू लागले. हेलनने त्याच्यासाठी एक पत्र मागे ठेवले होते. जाण्याची घाई करू नकोस, पुन्हा भेट होईल, असा त्याचा आशय होता. कुशिंग श्रद्धाळू ख्रिस्ती होता. त्याने ते शब्द आज्ञेसारखे पाळले आणि स्वतःला कामात गाडून घेतले.

त्या वर्षीच्या चित्रपटांत त्याचे दुःख उघड दिसते. पत्नीच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच त्याने 'ट्विन्स ऑफ ईव्हिल'मध्ये गुस्टाव्ह वाइलची भूमिका केली. गाल खोल गेलेले, डोळे निखाऱ्यासारखे. वाइल हाही दुष्ट शक्तींचा शत्रूच. पण निरपराध मुलींना चेटकिणी ठरवून जाळणारा हा कर्मठ माणूस म्हणजे व्हॅन हेल्सिंगची काळी बाजू आहे. करुणा वजा केली की धर्मनिष्ठेचे काय होते, हे कुशिंगने त्यातून दाखवले. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'मध्ये त्याने दिवंगत बायकोशी बोलणारा एकाकी म्हातारा ग्रिम्सडाइक उभा केला. त्या पात्राच्या पत्नीचे नावही हेलन ठेवले गेले. १९७२ च्या 'ड्रॅक्युला ए. डी. १९७२'मध्ये तो नायिकेचा बाप होणार होता. दुःखाने तो एकाएकी इतका म्हातारा दिसू लागला होता, की पटकथेत बदल करून त्याला तिचा आजोबा करण्यात आले.

त्याच सुमारास माद्रिदमध्ये 'हॉरर एक्स्प्रेस'चे चित्रीकरण व्हायचे होते. हेलनशिवायचा पहिला नाताळ जवळ आला होता. कुशिंग तिथे पोहोचला तो आपल्याला हे काम जमणार नाही, असे सांगण्याच्या तयारीनेच. लीने वाद घातला नाही की उपदेशही केला नाही. तो मित्राजवळ बसला आणि पूर्वीच्या चित्रपटांच्या गमतीजमती सांगत राहिला. हळूहळू कुशिंग सावरला आणि त्याने चित्रपट पूर्ण केला. ड्रॅक्युलाने व्हॅन हेल्सिंगला वाचवले, असे हवे तर म्हणता येईल.

हॅमरचे दिवस सत्तरच्या दशकात भरत आले. भयपटांची चव बदलली होती. अमेरिकेतून आलेल्या नव्या भयपटांपुढे किल्ले, झगे आणि शवपेट्या जुनाट वाटू लागल्या. कुशिंगला मात्र नव्या पिढीचे प्रेक्षक अनपेक्षित ठिकाणी मिळाले. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'मध्ये त्याने ग्रँड मॉफ टार्किन या थंड डोक्याच्या सेनाधिकाऱ्याची भूमिका केली. गणवेशाबरोबर दिलेले बूट त्याला फारच लहान होत होते. पाय दुखू लागल्यावर त्याने दिग्दर्शक जॉर्ज ल्युकसची परवानगी घेऊन घरातल्या मऊ सपाता घातल्या आणि कॅमेरा गुडघ्यांच्या वरच ठेवला गेला. एका संपूर्ण ग्रहाचा विध्वंस करण्याचा हुकूम सोडणारा तो निष्ठुर माणूस त्या वेळी पायात सपाता घालून उभा होता, हे पडद्यावर कोणालाही ओळखता येत नाही. २०१६ मध्ये 'रोग वन' या चित्रपटासाठी त्याचा चेहरा संगणकाच्या साह्याने पुन्हा निर्माण करण्यात आला, तेव्हा मृत नटाला असे उठवावे का, यावर बराच वाद झाला. पिशाचपटांतील नायकाच्या वाट्याला ही चर्चा यावी, हे नवलच.

१९८२ मध्ये कुशिंगला प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झाले. डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्षाची मुदत दिली होती. तो त्यानंतर बारा वर्षे जगला. या काळात त्याने दोन खंडांत आत्मचरित्र लिहिले, जलरंगात चित्रे काढली, कागदी नाट्यगृहांच्या प्रतिकृती बनवल्या. मांसाहार न करणाऱ्या या माणसाने व्हेजिटेरियन सोसायटीचे आश्रयदातेपदही स्वीकारले. एका टीव्ही कार्यक्रमामुळे त्याची एक इच्छा पूर्ण झाली आणि गुलाबाच्या एका वाणाला हेलन कुशिंगचे नाव देण्यात आले. १९८९ मध्ये त्याला ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला. व्हिट्स्टेबलच्या लोकांना मात्र तो सायकलवरून हिंडणारा, भेटेल त्याच्याशी आदराने बोलणारा शेजारी म्हणूनच ठाऊक होता. गावाला दोघांच्या नावाने त्याने एक बाक भेट दिला. समुद्राकडे तोंड असलेली ती जागा आज 'कुशिंग्ज व्ह्यू' म्हणून ओळखली जाते.

१९९४ च्या मे महिन्यात हॅमरच्या इतिहासावरील एका माहितीपटाच्या निवेदनासाठी कुशिंग आणि ली कँटरबरीत एकत्र आले. ती त्यांची शेवटची भेट ठरली. ११ ऑगस्ट १९९४ रोजी कँटरबरीतील शुश्रूषागृहात, वयाच्या ८१ व्या वर्षी, कुशिंगची प्राणज्योत मालवली. हेलनच्या मृत्यूनंतरची तेवीस वर्षे म्हणजे केवळ प्रतीक्षा, असे तो मानत आला होता. ती प्रतीक्षा संपली.

त्याने आपली गुणवत्ता वाया घालवली का, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कामातच आहे. हॅम्लेटच्या दरबारात उभे राहताना त्याने जी तयारी केली, तीच पिशाचाच्या तळघरात उतरताना केली. प्रेक्षकाने पैसे मोजले आहेत, तेव्हा त्याच्यासमोर अर्धे काम घेऊन जायचे नाही, हा त्याचा साधा हिशेब होता. भूमिका हलकी की भारदस्त, याची प्रतवारी तो समीक्षकांवर सोडून देई. हॅमरचे सेट आज काहीसे कृत्रिम वाटतात, त्यातले रक्त जरा जास्तच लाल दिसते. पण व्हॅन हेल्सिंग टेबलावर चढून पडद्याकडे धाव घेतो, तेव्हा आजचा प्रेक्षकही श्वास रोखून धरतो. कुशिंगचा त्या प्रकाशावर पूर्ण विश्वास आहे, म्हणून तेवढ्या क्षणापुरता आपलाही बसतो.